मशागतीवाचून मळा

वाङ्मयाला वाहिलेल्या मासिकात भाजीपाल्याच्या पुस्तकांचे परीक्षण कशासाठी, अशी शंका कित्येक वाचकांस येईल; आणि ती अगदीच अस्थानी आहे असे आम्ही म्हणत नाही. परंतु ह्या पुस्तकांचा एका मराठी शब्दाशी फार निकटचा संबंध पोचतो, आणि तो शब्द आपल्या टीकाकारांचा, शिक्षकांचा व व्याख्यात्यांचा मोठा लाडका आहे. तो शब्द म्हणजे 'मशागत'. मनाची मशागत, बुद्धीची मशागत, अभिरुचीची मशागत असे आपण उठल्याबसल्या म्हणतो. शब्द मूळचा अरबी. त्या भाषेत त्याचा अर्थ कष्ट, दगदग. मराठीत तो नांगरणे, कुळवणे, खणणे, खुरपणे ह्या कामांना लागला, आणि जमीन तयार करणे म्हणजेच जमिनीवर कष्टणे हे समीकरण भाषेतच पक्के होऊन बसले. पुढे तेच समीकरण आपण जसेच्या तसे मनालाही लावले. घाम गाळून ज्याची उलथापालथ केली नाही ते मन पडीक, असे आपण धरून चालतो.

आता इंग्रजी भाषेत गेल्या ऐंशी वर्षांत एक वाङ्मय असे वाढले आहे की, ज्याचा सिद्धांत ह्या समीकरणाच्या नेमका उलट आहे. भाजीचा मळा खणू नये, नांगरू नये, मातीचे थर खालीवर करू नयेत. कुजलेले खत वरच्या वर पसरावे आणि पुढचे काम गांडुळांवर व मुळांवर सोपवावे, असे हे लेखक सांगतात. हा सिद्धांत खरा असेल तर आपल्या एका आवडत्या रूपकाच्या पायाखालची जमीनच सरकते. यास्तव ही पुस्तके शेतीची असली तरी त्यांची झडती साहित्याच्या दरबारात घेणे गैर होणार नाही.

ही झडती सरत्या हिवाळ्यात घ्यावी असे आमचे मत आहे. जून-जुलैमध्ये इंग्लंडातला कोणताही मळा हिरवागार दिसतो आणि कोणतेही पुस्तक खरे वाटते. फेब्रुवारीत तसे नसते. दिवस आखूड, माती गार व चिंब, रात्री दहिवर गोठून पांढरे होणारे. वाफ्यांत मागच्या वर्षीची कोबीवर्गातली पिके, कांद्याच्या जातीची लीक आणि लसणाचे बोटभर कोंभ एवढेच काय ते उभे. जुन्या इंग्रज माळ्याला ह्या दिवसांत करण्यासारखे एकच मोठे काम असे, ते म्हणजे खणणे. हिवाळ्यात फावड्याने जमीन उलटावयाची, ढेकळे तशीच उघडी टाकावयाची, आणि थंडीने पाणी गोठून ती फुटली की वसंतात दाताळे फिरवून बी पेरावयाचे, असा परिपाठ. काटेकोर माळी तर दोन फावडी खोल खणीत. म्हणजे हिवाळा हा खणण्याचाच ऋतू होता. आणि खणणे काढून टाकले की हिवाळा रिकामा पडतो. त्या रिकाम्या जागी लेखक काय भरतो, ही आमच्या मते ह्या वाङ्मयाची कसोटी होय.

ह्या पंथाचा पहिला गाजलेला ग्रंथ एडवर्ड फॉकनर ह्या अमेरिकन गृहस्थांचा. 'प्लाउमन्स फॉली', म्हणजे नांगरणाऱ्याचा मूर्खपणा, हे त्याचे नाव; ओक्लाहोमा विद्यापीठाने तो १९४३ साली प्रसिद्ध केला. काळ लक्षात घेण्याजोगा आहे. १९३० नंतरच्या दशकात अमेरिकेच्या मध्यभागातील गवताळ प्रदेश नांगरून उघडा पडला होता, अवर्षण आले होते, आणि शेतांची माती वादळांबरोबर उडून गेली होती. नांगराविरुद्ध फिर्याद ऐकून घेण्याची जनतेची तयारी होती आणि फॉकनर यांनी ती फिर्याद फर्ड्या वकिलाच्या थाटात मांडली. माती पालथी का घालावी याचे शास्त्रीय कारण आजवर कोणी दिलेलेच नाही, हा त्यांचा मुख्य मुद्दा. तो जोरकस आहे, पण पुस्तक वाचून खाली ठेवल्यावर ध्यानात येते की, प्रतिपक्षाची बाजू त्यात धडपणे कोणी मांडलेलीच नाही. शिवाय फॉकनर स्वतः तव्यांचा कुळव फिरवून हिरवळीचे खत वरच्या थरात मिसळीत; तेव्हा ते न खणणारे नव्हेत, उथळ खणणारे होत. त्यांच्या ग्रंथात ऋतूही नाहीत. खटल्याच्या कागदपत्रांत ते नसतातच. आमच्या हिवाळ्याच्या कसोटीला हा ग्रंथ म्हणूनच उतरत नाही.

येथे एक आडवळण घेतल्यावाचून राहवत नाही. फॉकनर यांचा शत्रू माती पालथी घालणारा लोखंडी नांगर हा आहे. आपला जुना लाकडी नांगर माती चिरतो, पालथी घालीत नाही. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १९०३ साली बेळगावास पहिला लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होईल म्हणून शेतकरी तो घेईनात, ही गोष्ट आपण उद्योजकाच्या चिकाटीचे उदाहरण म्हणून मुलांना सांगत आलो, आणि ती चिकाटी खरोखरच वाखाणण्यासारखी होती. शेतकऱ्यांनी दिलेले कारण खोटे होते यातही संशय नाही. तथापि ज्या नांगराविषयी बेळगावकडच्या शेतकऱ्याचे मन कचरले, त्याच जातीच्या नांगराविषयी चाळीस वर्षांनी एका अमेरिकन शेतीतज्ज्ञाने पुस्तक लिहावे, हा योगायोग मौजेचा खरा.

फॉकनर यांच्या मागे आणखी एक मोठे नाव उभे आहे. चार्ल्स डार्विन यांनी मरणाच्या आदल्या वर्षी, १८८१ साली, गांडुळांवर ग्रंथ लिहिला. इंग्लंडाच्या पुष्कळ भागांत दर एकरी वर्षाला दहा टनांहून अधिक माती गांडुळांच्या पोटातून जाऊन वर येते, हा त्यातला हिशेब. आणि मनुष्याने नांगर शोधून काढण्याच्या फार पूर्वीपासून जमीन नांगरली जातच होती, हा त्यातला निष्कर्ष. डार्विन यांनी नांगर सोडा असे कोठेही म्हटले नाही. परंतु पुढच्या सर्व लेखकांचे भांडवल हेच. नोकर अगोदरच घरात राबत असताना आपण कुदळ घेऊन त्याच्या कामात लुडबूड का करावी, एवढेच काय ते त्यांचे म्हणणे.

वाङ्मय ह्या दृष्टीने ह्या पंथातील सर्वांत रमणीय पुस्तक रूथ स्टाउट ह्या बाईंचे होय. गुप्तहेरकथांचे प्रसिद्ध लेखक रेक्स स्टाउट यांच्या ह्या भगिनी. 'हाउ टू हॅव अ ग्रीन थंब विदाउट अ‍ॅन एकिंग बॅक' हे त्यांचे पुस्तक १९५५ चे. त्या वेळी त्यांचे वय सत्तरीच्या घरात होते. पुस्तकाचा उगम एका ताटकळण्यात आहे. कनेक्टिकट संस्थानात रेडिंग येथे त्यांचा मळा होता, आणि दर वसंतात नांगरणाऱ्याची वाट पाहण्यात त्यांचे दिवस वाया जात. १९४४ सालच्या वसंतात तसेच झाले. नांगरणारा येईना. बाई मळ्यात गेल्या आणि शतावरीच्या जातीच्या अ‍ॅस्परॅगसच्या वाफ्यापाशी थबकल्या. हे पीक वर्षानुवर्षे एका जागी असते, त्याखालची जमीन कोणी नांगरीत नाही, आणि तरीही ते दर वसंतात वर येतेच. मग वाटाण्याला आणि पालकालाच नांगर कशाला हवा? त्यांनी नांगरणाऱ्याची वाट पाहणे त्या दिवशी सोडले, बी पेरले, आणि पुढे सगळ्या मळ्यावर खराब झालेल्या वाळक्या गवताचे जाड आच्छादन बारा महिने ठेवण्याचा परिपाठ घातला.

हा प्रसंग लहान आहे, परंतु तो वाचताना फॉकनर यांच्या साऱ्या युक्तिवादाहून अधिक पटतो. कारण येथे सिद्धांत पुढे आणि अनुभव मागे असे झालेले नाही. बाईंची भाषा घरगुती, थट्टेखोर, स्वतःलाही न वगळणारी आहे. हिवाळा त्यांच्या पुस्तकात आहे, आणि तो निवांत आहे: मळा गवताखाली झोपलेला, गवतावर बर्फ, आणि मालकीणबाई घरात पुस्तक घेऊन बसलेल्या. खणण्यापासून सुटलेल्या माणसाला पहिल्यांदाच हिवाळा हिवाळ्यासारखा मिळाला, असा एक सुखाचा सुस्कारा त्या पानांतून ऐकू येतो.

तथापि ह्याच पुस्तकापाशी आमचा मुख्य आक्षेप सुरू होतो. बाईंनी पुढे १९६१ साली काढलेल्या पुस्तकाच्या नावातच 'कामावाचून बागकाम' अशी घोषणा आहे. काम कोणाचे वाचले? पाठ बाईंची वाचली, हे खरे, आणि म्हातारपणी पाठ वाचणे ही क्षुल्लक गोष्ट नव्हे. परंतु ते गवत शेजारच्या कोणी तरी कापले, वाळवले, भारे बांधून आणले. आठ इंच जाडीचे आच्छादन मळ्यावर आपोआप येऊन पडत नाही. ते एकदा अंथरले की कुजून खाली बसते आणि पुन्हा आणावे लागते. ह्या कापणाऱ्या हातांना पुस्तकात जागा आहे, पण ती गवत कोठून मिळवावे ह्या सल्ल्यापुरती. नांगरणारा मात्र पुस्तकात ठसठशीत आहे, कारण तो आला नाही! जो येऊन काम करून गेला त्याचे नाव नाही आणि जो आला नाही तो अजरामर झाला, ही ह्या पुस्तकातली गंमत बाईंच्याही ध्यानात आलेली दिसत नाही.

हाच आक्षेप घेऊन आम्ही चार्ल्स डाउडिंग यांच्या पुस्तकांकडे वळलो. इंग्लंडाच्या नैर्ऋत्येस सॉमरसेट परगण्यात हे गृहस्थ १९८२ पासून न खणता भाजी पिकवून विकत आले आहेत. त्यांची पुस्तके बरीच आहेत. त्यांपैकी हिवाळी भाज्यांवरचे २०११ चे आणि 'नो डिग' हे २०२२ चे, ही दोन येथे विचारात घेतली आहेत. प्रथमच सांगावयाचे म्हणजे, स्टाउटबाईंनंतर डाउडिंग वाचणे हे बासुंदीनंतर साधे वरण जेवण्यासारखे आहे. विनोद नाही, प्रसंग नाही, वाक्ये सूचनापत्रकासारखी. परंतु फेब्रुवारीची पाने उघडावी, आणि मग ह्या लेखकाचा अधिकार कळतो.

स्टाउटबाईंच्या हिवाळ्यात विसावा आहे, तर डाउडिंग यांच्या हिवाळ्यात लक्ष आहे. खत मार्गशीर्षाच्या सुमारास, म्हणजे नोव्हेंबर-डिसेंबरात, वाफ्यांवर पसरून झालेले असते. पाऊस आणि गोठण यांनी त्याचे गोळे आतून ठिसूळ झालेले असतात. फेब्रुवारीतला एखादा कोरडा दिवस पाहून त्यावर हलके दाताळे फिरवावयाचे, इतकेच. त्याखालच्या मातीला हात लावावयाचा नाही. त्याच वेळी तणाची इवली रोपे सुटी होऊन वाळून जातात. काचघरात ताज्या घोड्याच्या लिदीचा ढीग रचून त्याच्या उबेवर बियांच्या तबकांची मांडामांड होते. महिन्याच्या मध्यास दिवस जरा लांबला की पालक, सॅलडची पाने, कांदा, वाटाणा, लवकरची कोबी यांची पेरणी. उघड्यावर पेरण्याची घाई नाही. बाहेर केल, लीक आणि हिवाळी सॅलडची बारीक पाने खुडावयाची. स्टाउटबाईंचे गवत ते का वापरीत नाहीत, याचेही कारण ते देतात: इंग्लंडाच्या ओल्या हवेत न कुजलेल्या आच्छादनाखाली गोगलगाई घर करतात आणि कोवळी रोपे रातोरात फस्त करतात, म्हणून पूर्ण कुजलेले खतच हवे. आपल्याकडे हेच कोरडे आच्छादन वाळवीला आमंत्रण ठरते, हे ज्यांनी परसात पाचट पसरून पाहिले आहे त्यांस सांगावयास नको. एका देशाचे पुस्तक दुसऱ्या देशाच्या वाफ्यावर जसेच्या तसे अंथरता येत नाही, ही जाणीव असलेला ह्या पंथातला हा लेखक आम्हांस अधिक विश्वसनीय वाटला.

परंतु ह्या लेखकाचा खरा विशेष निराळाच आहे, आणि तो कळण्यास आपल्या शास्त्रग्रंथांची रीत आठवावी लागते. आपले भाष्यकार सिद्धांत सांगण्यापूर्वी पूर्वपक्ष मांडीत. आणि जो पूर्वपक्ष दुबळा करून मांडतो त्याचा सिद्धांतही दुबळा राहतो, हे ते जाणून होते. डाउडिंग यांनी आपला पूर्वपक्ष जमिनीतच मांडून ठेवला आहे. दीड मीटर रुंद आणि पाच मीटर लांब असे दोन वाफे शेजारी शेजारी. एक दर हिवाळ्यात रीतसर खणावयाचा आणि खत त्याच्या पोटात घालावयाचे; दुसरा न खणता तितकेच खत वर पसरावयाचे. दोहोंत एकाच दिवशी, एकच पिके. प्रत्येक तोडणीचे वजन करून लिहावयाचे. हा क्रम ते सध्याच्या मळ्यात २०१३ पासून चालवीत आहेत. एकंदर वजनात न खणलेला वाफा बहुतेक वर्षी पुढे असतो, विशेषतः वसंतातली वाढ त्यात लवकर दिसते आणि तण कमी असते. परंतु प्रत्येक पिकात तो पुढे नाही, आणि अंतर डोळे दिपवणारे नाही. लेखक हे सारे लिहून ठेवतो.

शास्त्रज्ञ म्हणेल, वाफ्यांची एकच जोडी, आणि मोजणारा तोच जो वादी. ह्याला प्रयोग म्हणता येणार नाही. हा आक्षेप रास्त आहे. पण आम्ही शास्त्राच्या नव्हे, साहित्याच्या प्रामाणिकपणाविषयी बोलत आहो. ज्या कामावर आपला विश्वास नाही ते काम दर हिवाळ्यात, गार चिखलात उभे राहून, नीटपणे करावयाचे, केवळ एवढ्यासाठी की प्रतिपक्षाला अन्याय होऊ नये! खणू नका असे सांगणारा हा मनुष्य हातात फावडे घेऊन खणतो आहे, ही प्रतिमा फॉकनर यांच्या साऱ्या वक्तृत्वाहून मोठी आहे. खेद इतकाच की, लेखकाला तिचे मोल कळलेले नाही. खणताना त्याला काय वाटते, हात आखडतो काय, एखाद्या वर्षी खणलेला वाफा जिंकला तर मनात काय येते, ह्याविषयी तो चकार शब्द काढीत नाही. आकडे देऊन मोकळा होतो. कादंबरीकाराने ज्यावर शंभर पाने लिहिली असती ते ह्याने कोष्टकात कोंबले.

आणि कष्टांचा प्रश्न उरतोच. गवताळ जमिनीवर नवा वाफा करावयाचा तर खाली पुठ्ठा घालून त्यावर पंधरा सेंटिमीटर खत घालावे, असे डाउडिंग सांगतात. वर दिलेल्या मापाच्या एका वाफ्याला हे १.१ घनमीटरहून अधिक होते. म्हणजे अर्ध्या टनापेक्षा जास्त वजन, हातगाडीने वाहून आणावयाचे. पुढे दर वर्षी दोन-तीन सेंटिमीटरची भर. हे खत कोठे तरी जमवावे लागते, रचावे लागते, उलटावे लागते. खणणे संपले नाही. ते वाफ्यातून उठून ढिगाऱ्यात गेले. मशागत मातीची व्हावयाची ती खताची होऊ लागली.

ही गोष्ट ज्या ग्रंथात उघडपणे सांगितली आहे तो न खणण्याच्या पंथाचा नव्हे, पण पंथाला खत पुरविणारा आहे, आणि तो लिहिला गेला होळकरांच्या इंदुरात. सर आल्बर्ट हॉवर्ड हे १९२४ ते १९३१ पर्यंत तेथील वनस्पतिसंशोधन संस्थेचे प्रमुख होते. त्यांचा व यशवंत डी. वाड यांचा 'द वेस्ट प्रॉडक्ट्स ऑफ अ‍ॅग्रिकल्चर' हा ग्रंथ १९३१ साली ऑक्सफर्डने काढला. येथे शेण चुलीत जाते, ह्या रोकड्या वस्तुस्थितीपासून त्यांचा विचार निघतो. तेव्हा थोड्या शेणात पुष्कळ पालापाचोळा, तण, कपाशीच्या पऱ्हाट्या, राख आणि गोठ्यातली मूत्राने भिजलेली माती यांपासून खत कसे करावे, ही त्यांची अडचण. पऱ्हाट्या कठीण, लवकर कुजत नाहीत; म्हणून त्या रस्त्यावर पसरून गाड्यांच्या चाकांखाली चुरडून घेत. खड्डा केव्हा भरावा, किती दिवसांनी खत खालीवर करावे, याची वेळापत्रके त्यांत आहेत, आणि ती कामे करणारे मजूर त्यांत आहेत. ह्याच खताचा पुरस्कर्ता असलेला इंग्रज माळी एफ. सी. किंग याने १९४६ साली खणणे आवश्यक आहे काय, असे शीर्षकातच विचारणारे पुस्तक लिहिले, आणि इंदुरचा ढीग व न खणलेला वाफा यांची गाठ पडली.

'कसेल त्याची जमीन' ही घोषणा ज्या प्रांतात कायद्यापर्यंत पोचली, १९४८ चा कूळकायदा झाला, १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरला, तेथील वाचकाला ह्या वादात आणखी एक गोष्ट खुपल्यावाचून राहणार नाही. कसणे म्हणजे काय? आपल्या डोळ्यांपुढे कसणारा येतो तो नांगर धरलेलाच येतो. नांगर गेला तर त्या मनुष्याच्या हक्काचे चित्र कशाने काढावयाचे? परंतु मराठीने 'मशागत' शब्दाशेजारी 'कस' हाही शब्द ठेवला आहे; आणि जमिनीचा कस राखतो तो कसणारा, असा अर्थ घेण्यास भाषेची आडकाठी नाही. नेरळचे चंद्रशेखर भडसावळे यांच्या सगुणा भात तंत्रात चिखलणी व नांगरणी टाळून, मागच्या पिकाची मुळे जमिनीतच ठेवून, कायमच्या गादीवाफ्यांवर भात घेतात. ज्यांनी कोकणात गुडघाभर चिखलात वाकून दिवस काढले आहेत त्यांस हे न खणणे म्हणजे सत्तरीच्या बाईंची हौस नव्हे. त्यांच्या अनुभवाचे मराठी पुस्तक कोणी लिहील तर त्याचे परीक्षण ह्याच पानांवर करण्यास आम्हांस आनंद वाटेल. मात्र त्यात खत वाहणाऱ्या बायकांचीही नावे असावीत.

कारण ह्या वाङ्मयात ती राहून जातात. इंदुरच्या ग्रंथाच्या मुखपृष्ठावर दोन नावे आहेत. हॉवर्ड यांचे आज जगभर सेंद्रिय शेतीचे जनक म्हणून स्मरण होते. दुसरे नाव रसायनशाखेत काम करणाऱ्या वाड यांचे. ते मराठी वाचकांसही आज ठाऊक असेल की नाही, याची आम्हांस शंका आहे.